सगळा वर्ग लाल

"पेपर फुटलाय, आणि तो माझ्या सख्ख्या भावाने फोडलाय, असं सगळे म्हणतायत. संध्याकाळी शाळेच्या समितीची बैठक आहे. त्याआधी खरं काय ते मला कळायलाच हवं!"

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होत्या. समोर वहिनी, म्हणजे त्या भागातल्या एकमेव खासगी गुप्तहेर, डोळे मिटून ऐकत होत्या. शेजारी त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. भाऊजी लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. त्यामुळे वहिनींना गाडी फुकट मिळायची आणि गाडीबरोबर भाऊजींची मतंही.

"तुम्हीच का नाही चौकशी करत?" वहिनींनी विचारलं.

"तो निर्दोष आहे म्हटलं तर पाठीशी घातलं म्हणतील. दोषी म्हटलं तर..." 

प्रकरण असं होतं. बाईंचा भाऊ त्यांच्याच शाळेत सातवीच्या एका तुकडीला गणित शिकवायचा. त्या एका तुकडीत शाळेने टॅबवरचं नवं ॲप लावून पाहिलं होतं. रोज तासाच्या शेवटी मुलं टॅबवर प्रश्न सोडवायची, प्रत्येकाला वेगळे प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. ॲपच्या हिशेबी ही तुकडी अगदी तळाला होती. आणि लेखी परीक्षेत तीच तुकडी शाळेत पहिली आली! पेपर बाईंनी स्वतः काढून घरच्या कपाटात ठेवला होता. भाऊ राहायलाही त्याच घरात.

"आणखी काय पुरावा पाहिजे?" गाडीत बसताच भाऊजी म्हणाले. "केस सुरू व्हायच्या आधीच मिटली!"

"तुम्ही पुढे बघून चालवा."

भाऊजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. "वहिनी, परवा एक गंमत झाली. आमच्या एका गृहस्थांना रस्त्यावरची एकही खूण ओळखता येईना. परीक्षेत डोळे मिटून वाट्टेल तिथे टिक करत सुटले. तरी दर चार प्रश्नांत एक उत्तर बरोबर आलंच! नापास झाले, पण ऐटीत."

वहिनी हसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शाळेत ॲप कंपनीचा माणूस हजर होता. त्याने त्यांना थेट हॉलमध्ये नेलं. टेबलांवर ओळीने हेडफोन मांडलेले, आणि एकूण एक हेडफोनवर धूळ.

"ज्याची उत्तरं बरोबर येतात तो पुढच्या गटात," तो उत्साहाने सांगू लागला. "तो इथे येतो, हेडफोन लावतो आणि आपल्या वेगाने पुढे जातो. कुणाची लुडबुड नाही. ज्याची उत्तरं चुकतात तो वर्गात सरांपाशी राहतो. म्हणजे सरांचा वेळ गरजूंना मिळतो."

"मग हॉल रिकामा कसा?"

त्याचा चेहरा पडला. "आधी अर्धी तुकडी इथे होती. मग एकेकाची घसरगुंडी सुरू झाली. पहिली घसरली ती मॉनिटर, गणितात सगळ्यात हुशार मुलगी. हा बोर्ड बघा." त्याने पडदा दाखवला. नावानावापुढे लाल चौकोन. "शंभरात तीन उत्तरंसुद्धा बरोबर नाहीत! बरं, घाई करतात म्हणावं, तर इतर शाळांतल्या मुलांच्या दुप्पट वेळ घेतात."

"एवढा वेळ घेऊन एवढी चूक!" भाऊजी हळहळले. "पार दगड आहेत हो."

"शंभरात तीनसुद्धा नाहीत," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकले, आणि भाऊजींनी जीभ चावली. वहिनींचे डोळे असे लकाकले की आपलं मत हमखास चुकलेलं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

बाईंचे भाऊ, म्हणजे गणिताचे सर, वर्गात एकटेच बसले होते. बारीक अंगाचे, रात्रभर न झोपलेले.

"पेपर मी पाहिलासुद्धा नाही," ते म्हणाले. "पण राजीनामा लिहून ठेवलाय. तो बोर्ड रोज लाल होतो हो! टॅबच्या वेळी मी बोलायचं नाही असा नियम आहे. मी मागे बसून वह्या तपासतो. मुलं केवढा वाद घालतात, एकमेकांना समजावतात, मला बरं वाटतं, आणि शेवटी सगळं चूक. मला शिकवताच येत नाही, दुसरं काय?"

वहिनींनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका चाळल्या. प्रत्येक मुलाची रीत वेगळी, जागोजागी खाडाखोड.

"पाठ करून आलेल्याला एवढं खोडावं लागतं का, भाऊजी?"



मग मॉनिटर आली. दोन घट्ट वेण्या, त्याहून घट्ट मिटलेले ओठ. वहिनींनी तिथल्या तिथे एक गणित रचून विचारलं.

"उत्तर टॅबवर द्यायचंय की तोंडी?" मुलीने विचारलं.

"तोंडी."

तिने क्षणात उत्तर दिलं. बरोबर होतं.

समिती वर्गातच जमली. अध्यक्षांनी टोपण काढून पेन हातात धरलं होतं, सरांना काढून टाकायच्या कागदावर सही करायचीच काय ती बाकी. बाई भावाकडे बघत नव्हत्या. वहिनींनी मुलांना थांबवून घेतलं होतं.

"नवे प्रश्न द्या," त्यांनी कंपनीच्या माणसाला सांगितलं. "कठीण, कुणीच न पाहिलेले." मग त्या मुलांकडे वळल्या. "बोलायचं नाही, ज्याने त्याने आपलं सोडवायचं. आणि आजपासून नियम उलटा. ज्याची उत्तरं बरोबर, तो सरांपाशी राहणार. ज्याची चुकतील, तो हॉलमध्ये हेडफोन लावून बसणार!"

वर्गभर एक कुजबुज धावली. सगळ्या माना मॉनिटरकडे वळल्या. तिने वहिनींकडे रोखून बघितलं, मग टॅब उचलला.

वर्गातल्या पडद्यावर एक चौकोन हिरवा झाला. मग दुसरा. मग भराभर. भाऊजी कधी उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही. "हिरवा! तो बघा, आणखी एक हिरवा!" ते ओरडत होते. बघता बघता तीनचार सोडले तर सगळा बोर्ड हिरवागार झाला.

"पण हे कसं..." अध्यक्षांचं पेन हवेतच राहिलं.

"पेपर फुटलाच नव्हता," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींच्या गृहस्थांना काही येत नव्हतं, तरी दर चार प्रश्नांत एक उत्तर बरोबर आलं. मग या मुलांची शंभरात पंचवीस तरी यायला हवी होती. तीनसुद्धा नाहीत! दरवेळी चुकायचं असेल तर बरोबर उत्तर कुठलं ते आधी माहीत असावं लागतं. आणि मॉनिटरने मला विचारलं, टॅबवर की तोंडी. म्हणजे दोन्हीकडची उत्तरं वेगळी."

"मुद्दाम चुकायचं? कशासाठी?" कंपनीचा माणूस उखडला.

"ती धूळ बघा म्हणजे कळेल. तुमच्या ॲपमध्ये हुशार ठरण्याची शिक्षा होती एकटं बसणं. मॉनिटरला ते सोसेना. ती मुद्दाम चुकली आणि परत आली. मग बाकीचेही आले. पण त्यात एक धोका होता. ज्याला गणित येत नाही तो चुकून बरोबर बटण दाबणार आणि हॉलमध्ये जाणार! म्हणून आधी सगळ्यांनी मिळून खरं उत्तर शोधायचं, कच्च्या मुलाला पक्कं समजेपर्यंत समजावायचं, आणि मग ते उत्तर सोडून दुसरं दाबायचं. म्हणून दुप्पट वेळ लागायचा. चुकण्यासाठी ही मुलं रोज जीव तोडून शिकत होती. लेखी परीक्षेत तेच उतरलं."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि सगळ्यांदेखत भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

सर मॉनिटरपाशी गेले. "अगं, मला तरी सांगायचं! तो लाल बोर्ड बघून मी शाळा सोडायला निघालो होतो."

मुलगी वेणीचं टोक पिळत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, तर नियम म्हणून तुम्हीच आम्हाला हॉलमध्ये पाठवलं असतं."

"हो," सर म्हणाले. "पाठवलं असतं."

त्यांनी खिशातला राजीनामा फाडला आणि हॉलमधली टेबलं वर्गात आणायला निघाले. पोरं आरडाओरडा करत मागे धावली. एका टेबलाचं दुसरं टोक भाऊजींनी धरलं होतं.