हनुवटीचा ठिपका

हथखोजच्या कारखान्यातून कौस्तुभ त्या दिवशी दुपारीच सुटला, आणि आईच्या गोळ्या घेऊन थेट भिलाईच्या क्वार्टरवर आला. कलावतीबाईंच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवू नका, गाठ फुप्फुसात गेली तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरगा बिचारा रोज सकाळी स्वतःच्या हातानं गोळी द्यायचा.

"शेजारची शालू म्हणते, हे उंदराचं औषध हाय. मले देऊन राहिला का?" पहिल्या दिवशी त्या हसून म्हणाल्या होत्या. गोळी मात्र गुमान तोंडात टाकली.

आठवड्यात मनगटावर निळे ठिपके उमटले. या औषधानं कातडीखाली रक्त साकळतं, डॉक्टर म्हणाले. पण ठिपके कोपराकडे चढले ते रांगेनं, तीन-तीन. मधोमध विंचू.

तो विंचू कौस्तुभनं ओळखला. आजीच्या हातावर होता. अहिवाऱ्याच्या गोंदणारणीकडून आजीनं तेलात खललेल्या काजळीनं सगळं गोंदून घेतलं होतं, हनुवटीचा ठिपका सगळ्यात शेवटी. सुनेमागं जन्मभर तोच धोशा: "सोनं संगं जात नाही, गोंदणच जाते. तू कोरीच आली तं वर तुले ओळखू कशी?" सुईच्या भीतीनं कलावतीबाईंनी कधी दाद दिली नाही. आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्या दुपारी तो आला तेव्हा खोलीत काजळीचा आणि तिळाच्या तेलाचा वास भरला होता.

"दिवा लावला होता का, आई?"

"भर दुपारी...? नाही रे." त्यांनी सुजलेला हात पुढे केला. "लय दुखून राहिलं... ते टोचायचं थांबतच नाही."

"कोण?"

त्यांनी पदरानं हनुवटी झाकून घेतली.

कौस्तुभ घाबरला. गोळी थांबवावी तर गाठ, द्यावी तर हे. शेवटी त्यानं डॉक्टरांचंच ऐकलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी गाठ फुप्फुसात गेली आणि तासाभरात सगळं आटोपलं. इतकं जपून काय मिळालं, म्हणत तो आईचं अंथरूण काढायला वाकला. उशीच्या खोळीतून गुलाबी गोळ्या सांडल्या. थुंकलेल्या, वाळलेल्या. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या. एकही पोटात गेली नव्हती.

"मंग हे अंगावर कायचं, भाऊ...?" आंघोळ घालायला आलेल्या शालूनं हळूच विचारलं.

हनुवटीवर एकच ठिपका होता. शालूनं तो पुसला, तर फडक्याला ओली काजळी लागली.