डाव्या हाताचं पिस्तूल

फ्लॉइड हॅवरकँप आर्डिस नोवॉत्नीच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगावर न्हाव्याचा एप्रन तसाच होता आणि वरच्या खिशात कात्री. बाहेर बर्फ पडत होतं आणि गडी कोट घालायला विसरला होता.

"टेसला पकडलं," तो म्हणाला. "वेंडेल क्रोल मेला. कुणीतरी गोळी घातली. पोलीस म्हणतात, माझ्या बहिणीने घातली."

आर्डिसच्या हातातली कॉफी हिंदकळून गालिच्यावर सांडली. वेंडेलला टिंबर फोर्कमध्ये ओळखत नाही असं कुणी नव्हतं. त्याचं बंदुकांचं दुकान आणि मागचा नेमबाजीचा हॉल म्हणजे निम्म्या गावाचा विरंगुळा. दर गुरुवारी तिथे गावातले डावखुरे जमत. कागदावरच्या वर्तुळांवर गोळ्या झाडायच्या, एकमेकांची टर उडवायची, मग घरून आणलेलं मिळून खायचं. वेंडेल स्वतः डावखुरा, म्हणून हे खूळ त्याचंच.

"बस आधी," आर्डिस म्हणाली. "टेसवर संशय का?"

"नव्या पिस्तुलासाठी ती महिनाभर त्याच्या मागे होती. परवा भर दुकानात ओरडली, 'एकदा हातात येऊ दे ते, वेंडेल, पहिली गोळी तुलाच!' सगळे हसले होते गं! आता तेच सगळे साक्ष द्यायला निघालेत. आणि तेच पिस्तूल तिच्या पिशवीत सापडलं."

आर्डिसने उमेदीची वर्षं विमा कंपनीत लोकांच्या थापा उघड्या पाडण्यात घालवली होती. आता ती स्वतःच्या जबाबदारीवर तपासाची कामं घेई.

"घेते मी काम. पण एक ऐकून ठेव. मी एकदा उघडलं, की मला ते परत झाकता येत नाही."

"टेसने हे केलं असेल तर तिला फाशी दे," फ्लॉइड म्हणाला. "पण तिने केलेलं नाही."

---

वेंडेल पडला होता ती हॉलमागची शिकवणीची खोली. एक टेबल, भिंतीवर गोल घड्याळ, फरशीवर रंगवलेले दोन पावलांचे ठसे. वेंडेलचा मदतनीस गॉर्डी प्लॅट त्यांना दार उघडून आत घेऊन आला. त्याचे डोळे रडून सुजले होते. पिस्तुलाचं म्यान डाव्या कमरेला होतं, अर्थात.

"तेव्हा तिघंच आलो होतो," गॉर्डी सांगू लागला. "मी बाहेर फावड्याने बर्फ ओढत होतो. टेस हॉलमध्ये जुन्या पिस्तुलाने नेम मारत होती. फ्लॉइडची बायको मार्लीन स्वयंपाकघरात केक कापत होती. ती काही बंदुकीला हात लावत नाही, पण डावखुरी आहे म्हणून दर गुरुवारी आम्हाला खाऊ घालते. गोळीच्या आवाजाचं म्हणाल तर बाई, इथे दिवसभर तोच आवाज."

"टेसचं नवं पिस्तूल कुठे होतं?"

"या टेबलावर. दुपारी टेसने ते धरून पाहिलं होतं, म्हणून पोलादावर तिचे ठसे. मुठीचं रबर खरबरीत असतं, त्यावर ठसा उठत नाही. मग वेंडेलने माझ्यासमोर त्याचं बटण बदललं आणि चालवून बघायला गोळ्या भरून एक नळीत चढवली."

"आणि सापडलं मागच्या दाराशी, टेसच्या पिशवीत."

"हो. पण मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, ती इथेच टेबलापाशी पडली होती. एक गोळी कमी, बाकी भरलेली."

"आणि नळीत?"

"काही नाही. पोलिसांच्या डेप्युटीने माझ्यासमोर उघडून पाहिलं."

आर्डिस एकदम वळली. "काहीच नाही? नक्की?"

"बाई, माझं आयुष्य यात गेलंय."

"म्हणजे चांगलंच झालं ना?" फ्लॉइड मध्येच म्हणाला. "ज्याने मारलं त्याने नंतर गोळ्या काढून टाकल्या. त्याला पश्चात्ताप झाला असेल."

"फ्लॉइड, तू थोडा वेळ गप्प बसलास तर तुझ्या बहिणीचं भलं होईल."

मग तिने फरशीवरच्या पावलांकडे बोट दाखवलं. गॉर्डीच्या चेहऱ्यावर रडवेलं हसू आलं.

"तो वेंडेलचा पहिला धडा. नवखं माणूस आलं की आधी इथे उभं करायचं आणि डोळा तपासायचा. 'हात कुठला ते नको सांगू, डोळा कुठला ते सांग,' म्हणायचा. दोन डोळ्यांत एक जबर असतो. पुष्कळ डावखुऱ्यांचा उजवा निघतो. मग बाकी सगळं डाव्या हाताने करणाऱ्यालाही तो पिस्तूल उजव्या हातात द्यायचा."

"तुझा कुठला?"

"डावा. टेसचाही डावाच."

"तपासायचा कसा?"

गॉर्डीने दोन्ही हात पुढे ताणले, तळवे एकमेकांवर चढवले आणि अंगठ्यांच्या मध्ये इवलीशी खिडकी केली. तिच्यातून घड्याळ बघत त्याने हात हळूहळू चेहऱ्याकडे आणले. खिडकी आपोआप डाव्या डोळ्यावर येऊन थांबली.

फ्लॉइडनेही करून पाहिलं. आधी त्याने दोन मुठींची दुर्बीण केली, मग तळवे उलटे धरले, मग कोपर दुमडून स्वतःच्याच नाकाला अंगठा लावला.

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," गॉर्डी म्हणाला.

---

कोठडीत टेस गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. शाळेच्या बसमध्ये दंगेखोर पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई एका रात्रीत पार खचली होती. भावाला पाहून मात्र तिला अवसान आलं.

"हा एप्रन घालून आलास? मला काय शेवटची हजामत करून घ्यायचीय?"

"टेस, मला तुझ्या पिस्तुलाबद्दल सांग," आर्डिस म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

"काय सांगू? मला कुणाला मारायचं नव्हतं गं, नुसते कागद फाडायचे होते. आधी रिव्हॉल्व्हर पाहिलं. त्याचं गोल चाक डावीकडे उघडतं, उजव्या अंगठ्याने. मी डाव्या हाताने उघडायला गेले की सगळ्या कसरती. मग फ्लॉइडचं जुनं पिस्तूल वापरायला लागले. त्याची रिकामी काडतुसं उजवीकडे उडतात, म्हणजे माझ्या तोंडासमोरून. चष्म्यावर चटका बसलाय बघ. पण खरी कटकट बटणाची."

"कसली?"

"मॅगझिन सोडायचं बटण असतं ना, ते डाव्या बाजूला असतं. उजव्या हाताने धरणाऱ्याचा अंगठा तिथे येतो. मी डाव्या हातात धरलं की माझ्या बोटाचं मूळ नेमकं त्यावर येतं. मूठ आवळली की बटण दाबलं जातं, बार उडायच्या आत मॅगझिन सुटून पायावर! सगळे खिदळायचे. म्हणून वेंडेलने असं पिस्तूल निवडून दिलं की ज्याचं बटण काढून उजव्या बाजूला बसवता येतं. बंदूकही छोट्या गोळीची, झटका नाही, मनगट दुखत नाही." तिने चष्मा काढून पुसला. "त्याने जीव लावून शोधलं होतं ते. मी त्याला मारीन?"

परतताना आर्डिस गाडीत स्वतःचीच मूठ आवळून सोडून बघत होती. फ्लॉइडला वाटलं, थंडी वाजत असेल.

---

फ्लॉइडच्या घरी मार्लीनने सूप गरम करून ठेवलं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण हात चालूच. फ्लॉइडच्या एप्रनचं बटण लोंबत होतं, ते तिला बघवेना. तिने डाव्या हातात सुई घेतली, डावा डोळा मिटला, सुई उजव्या डोळ्यासमोर धरून दोरा ओवला आणि एप्रन त्याच्या अंगात असतानाच बटण टाचायला घेतलं. इतकं सगळं कोसळत असताना ही बाई आपलं बटण शिवतेय, या विचाराने फ्लॉइडला भरून आलं.

"तू स्वयंपाकघरात होतीस," आर्डिस म्हणाली. "काही ऐकलंस?"

"तिथे काय ऐकायचं? सगळाच धडाका. टेसची किंकाळी ऐकली तेव्हा धावले. तिनेच त्याला पाहिलं आधी."

"वेंडेलने तुला कधी शिकवलं नाही?"

"मला?" मार्लीनने दातांनी दोरा तोडला. "मी जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही. मला भीतीच वाटते."

"खरंय," फ्लॉइड म्हणाला. "घरातलं पिस्तूलसुद्धा ती मलाच हलवायला लावते."

आर्डिसने सूप संपवलं नाही. दारापर्यंत पोचवायला आलेल्या फ्लॉइडचा तिने दंड धरला. "तुला अजूनही हे उघडायला हवंय?"

"टेस आत बसलीय, आर्डिस!"

"उद्या सकाळी येते. डेप्युटी आणि गॉर्डीही असतील."

---

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे बसले. मार्लीनने सगळ्यांना कॉफी ओतली. डेप्युटी रस्क मांडीवर टोपी ठेवून अवघडून बसला होता.

"गोळी झाडली की पिस्तूल दुसरं काय करतं, डेप्युटी?" आर्डिसने सुरुवात केली.

"रिकामं काडतूस फेकतं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत चढवतं."

"इथे नळी रिकामी होती आणि मॅगझिन गोळ्यांनी भरलेलं. म्हणजे बार उडाला तेव्हा मॅगझिन जागेवर नव्हतं. ते कुणी नंतर काढलं असतं तर त्यातून दोन गोळ्या कमी असत्या, एक उडालेली आणि एक नळीत चढलेली. आधीच सुटलं होतं. नळीत होती ती एकच गोळी उडाली आणि पुढची चढायला काही उरलंच नाही."

डेप्युटीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅगझिन आपोआप कसं सुटेल?"

"टेसचं सुटायचं तसं. तिने उजव्या हाताचं पिस्तूल डाव्या हातात आवळलं की सुटायचं. आता उलट करा. हे पिस्तूल डाव्या हाताचं करून ठेवलं होतं, बटण उजव्या बाजूला. टेसने ते डाव्या हातात धरलं असतं तर बटणाला धक्काही लागला नसता. ते सुटलं, कारण कुणीतरी ते उजव्या हातात आवळलं."

"पण तिथे सगळे डावखुरेच होते!" फ्लॉइड ओरडला.

"होय. आणि गॉर्डीने बटण बदलताना पाहिलं होतं, शिवाय तोही डाव्या हाताने नेम धरतो. उरलं कोण ते मलाही पटत नव्हतं. ज्या डावखुऱ्या माणसाने कधीच पिस्तूल धरलेलं नाही, तो ते रागाच्या भरात डाव्याच हाताने उचलेल. उजव्याने कोण उचलेल? ज्याला तसं शिकवलंय तो. डावखुरा, पण जबर डोळा उजवा, आणि वेंडेलचा शिष्य." ती वळली. अगदी सहज, मीठ मागावं तशी म्हणाली, "मार्लीन, तुझा डोळा बघू दे जरा."

मार्लीनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. दोन्ही हात पुढे ताणले. तळवे एकमेकांवर चढले, अंगठ्यांमध्ये इवलीशी खिडकी झाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती हात चेहऱ्याकडे आणू लागली. खिडकी उजव्या डोळ्यावर येऊन थांबली.

तिथेच ते हात थिजले.

आर्डिसने हात उचल असं म्हटलंच नव्हतं, हे फ्लॉइडच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा खुर्चीचा हात धरून तो बसून राहिला. आपल्या बायकोचे हात त्याला अनोळखी वाटत होते.

"मार्लीन," तो म्हणाला. "तू तर... तुला तर भीती वाटते."

ती हळूच खाली बसली. "दोन वर्षं, फ्लॉइड. बाकीचे यायच्या आधी मी जायचे. पहिल्यांदा नुसतीच शिकायला."

"आणि मग?"

"मग नुसतीच शिकायला नाही." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तो म्हणाला, आता फ्लॉइडला सांगणार. शनिवारी तुझ्या खुर्चीत बसतो, तू त्याच्या मानेवरून वस्तरा फिरवतोस, ते त्याला सहन होत नव्हतं. मी पाया पडले. तो म्हणाला, ठरलंय. पिस्तूल समोरच होतं. मला नुसतं त्याला गप्प करायचं होतं."

"आणि टेसची पिशवी?" फ्लॉइडचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "माझ्या बहिणीची पिशवी?"

"दाराशी जी दिसली तिच्यात टाकलं. कुणाची ते बघितलंच नाही."

"नंतर तर कळलं ना! काल रात्री माझ्यासमोर बसून सूप प्यालीस!"

डेप्युटी उठला, तेव्हा मार्लीनने गॅस बंद केला, पायपुसण्यावर बूट पुसले आणि त्याच्याबरोबर बर्फात निघून गेली.

आर्डिस गेली नाही. "मी सांगितलं होतं तुला," ती पुटपुटली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने फ्लॉइडच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

दुपारी फ्लॉइड बहिणीला आणायला गेला. टेस बाहेर आली ती हसत, रडत, त्याच्या गळ्यात पडत.

"सोडताना खरं कुणी मारलं ते सांगेनात मेले! जाऊ दे, घरी गेल्यावर तूच सांग. मार्लीन कुठाय? गुरुवारचा केक मी चाखलासुद्धा नाही. तिला म्हणावं, आज नवा कर, आख्खा एकटी खाणार आहे."

फ्लॉइडने गाडीचं दार उघडून धरलं. नकळत त्याचा हात एप्रनवर गेला आणि मार्लीनने शिवलेलं बटण त्याच्या बोटांना लागलं. घट्ट बसलं होतं.

"तू बस आधी, टेस," तो म्हणाला. "घरी जायच्या आधी मला तुला एक सांगायचंय."