वर न गेलेले हात

“यावर तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही, पण परळच्या सभेतला सायकलचोर मी एकट्याने पकडलाय,” जगदीशआजोबा म्हणाले, तशी नातवंडं पुढे सरकली. त्यांची थोरली बहीण बकुळाआजी विळीवर बोंबील साफ करत होती.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मे महिन्याची सुट्टी. छोटा जगदीश, त्याची बकुळाताई आणि त्यांचा डिलाईल रोडचा दोस्त लहू दिवसभर उंडारायचे. जगदीशचे बाबा राजाराम पहाटे शिवडी बंदरावरून मासळीची पाटी सायकलवर बांधायचे आणि भोईवाड्याच्या बाजारात आईकडे पोचवायचे. संध्याकाळची सभा मात्र चुकवायचे नाहीत. आणि नेमके सभेबाहेर लावलेल्या सायकलींचे भाग गुल व्हायला लागले. कुणाची घंटी, कुणाचा दिवा. एकदा बाबांची सीटच गेली. बाबा उभ्यानेच पेडल मारत जायचे. नाक्यावरच्या हवालदाराला वाटायचं, हा आपल्याला मान देतोय. तोही रोज सलाम ठोकायचा.

पुढच्या सभेत एक पेडल गेलं. बाबांनी सांगून टाकलं, आता आणखी काही गेलं तर सायकल भंगारात. मग पाटी पायी आणायची, म्हणजे ती पोचेपर्यंत बाजार उठलेला. त्या मासळीकडे कोण बघणार? आई त्या रात्री जेवली नाही.

सायकली राखायला वसंतदादा नावाचा स्वयंसेवक होता. मुलांनी विचारलं तर म्हणाला, माझ्या नजरेतून डाससुद्धा सुटत नाही.

त्यानंतरच्या सभेला मुलं मैदानाच्या भिंतीवर चढून बसली. घोषणा झाली, “संयुक्त महाराष्ट्र!” हजारो मुठी वर गेल्या, “झालाच पाहिजे!” वसंतदादाच्या तर दोन्ही, तेही डोळे मिटून.

लहू म्हणाला, “चोर नको शोधूस, जग्या. वर न जाणारे हात शोध.”

पुढच्या घोषणेला सापडले. सायकलींच्या रांगेत एक टोपीवाला खाली वाकला होता. घोषणा थांबली की तो थांबे, सुरू झाली की त्याचा पाना चाले. आणि सायकल बाबांचीच.

वसंतदादाला हाका मारल्या, तर तो भाषणात बुडालेला. तेव्हा जगदीशने दोन पुरुष उंचीच्या भिंतीवरून उडी टाकली, थेट चोराच्या पाठीमागे, आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “संयुक्त महाराष्ट्र!”

चोर झाला तरी परळचाच. “झालाच पाहिजे,” म्हणत त्याने सवयीने दोन्ही हात वर केले. एकात पाना, दुसऱ्यात पेडल. सगळं मैदान वळून बघायला लागलं. खजील वसंतदादाने त्याला धरलं. पिशवीतून घंट्या निघाल्या, दिवे निघाले, बाबांची सीटही निघाली.

“मंचावरच्या मंडळींनी पाठ थोपटली,” आजोबा म्हणाले. “बाबांनी सीट बसवली, मला तिच्यावर बसवलं आणि चारचौघांत म्हणाले, आमच्या घरच्या होडीचा म्होरक्या, तांडेल हा.”

बकुळाआजीने विळी आडवी केली.

“उडी मी मारली, जग्या. तुला वसंतदादाने खांद्यावर घेऊन भिंतीवरून उतरवलं, तू रडून त्याचा सदरा भिजवलास. आणि बाबा तांडेल कुणाला म्हणाले, ते सांग पोरांना.”