तेविसावी ओळ

ही हकीकत खरी आहे.

अशा हकीकती लिहिताना माणसांची नावं बदलण्याची रीत आहे. जिच्यावर हे गुदरलं तिनं मात्र एकच अट घातली... नाव बदलायचं नाही.

का, ते शेवटी कळेल.

भोरजवळचं उत्रोली. गेल्या कार्तिकातली दुपार. भात कापून झालेलं, खाचरं कोरडीठक्क. समुद्र म्हणावा तर सह्याद्रीच्या पल्याड, घाट उतरून गेल्यावर.

वनिता रणपिसे त्या दुपारी माळवदाखालच्या खोलीत संगणकासमोर बसली होती. मराठीची एम.ए., वय चौतीस. पुण्याची एक संस्था तिला जुन्या कागदांची छायाचित्रं पाठवी आणि ती त्यांतला मजकूर कोष्टकात भरून देई. सध्याचे कागद एडन बंदराचे होते. इंग्रजांच्या काळातले. अरबी किनाऱ्यावरच्या शिडाच्या गलबतांचे.

त्या पाण्यावर तेव्हा माणसंही मालासारखी विकली जात. म्हणून सरकारनं नियम केला होता. प्रत्येक नाखव्यानं गलबतावरच्या माणसांची यादी द्यायची. बंदराचा अधिकारी काठावर उभा राहून एकेक नाव पुकारणार. यादी आणि माणसं जुळली तरच परवाना. नियमाचं एक वाक्य वनिताला पाठ झालं होतं. ‘कडेवरचं मूल धरून प्रत्येक जीव मोजावा.’

कवितेसारखं वाटलं होतं ते तिला.

त्या दिवशीच्या पानावर एक गलबत होतं. माल : खजूर, मीठ, मासळीचं तेल. एकूण माणसं तेवीस. नावं मात्र बावीस.

तेविसावी ओळ कोरी होती. शेजारी समासात तिरप्या इंग्रजी अक्षरांत शेरा... ‘गणती जुळेपर्यंत सोडू नये.’

गलबत सोडल्याची नोंद पुढच्या एकाही पानावर नव्हती.

कोष्टक कोरी ओळ स्वीकारेना. नाव भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. संस्थेतले इंद्रजित सर गावी गेलेले, त्यांचा फोन बंद.

“काय गं वने, कपाळाला हात लावून बसलीस?” दारातून आप्पा म्हणाले.

आप्पा म्हणजे तिचे वडील, साहेबराव. उभं आयुष्य एसटीत कंडक्टर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण डोकी मोजायची खोड गेली नव्हती. लग्नात, मयतीला, कुठंही गेले की आधी मोजत.

तिनं सांगितलं. आप्पा लगेच खुर्ची ओढून बसले.

“कागदावर तेवीस आन गाडीत बावीस? मंग एक कुठं उतारला? आरं, असली गाडी म्या डेपोतनं हलू दिली नस्ती.”

“ते पण हलू देत नव्हते, आप्पा.”

“शाना साहेब हाय. टाक माजं नाव तवर! रिटायर माणसाला पास हाय. एडनला चालतोय का बघ.”

आतून आई, अंजनाबाई, ओरडल्या, “जावा की! तेवढीच घरात शांतता.”

सगळे हसले. वनिताही.

आणि तिनं लिहिलं... साहेबराव.

तात्पुरतं. नंतर बदलायचं, म्हणून. पान पुढे सरकलं. आणि ती विसरली.

तिसऱ्या दिवशी आईनं जेवायला चार ताटं मांडली.

घरात माणसं पाच. आई, आप्पा, वनिता, तिचा भाऊ प्रशिक आणि त्याची बायको सोनिया, जिला सातवा महिना लागला होता.

“आई, आप्पांचं ताट?”

आईनं क्षणभर तिच्याकडे असं पाहिलं, जणू एखादा परका शब्द कानावर पडला आहे. मग जीभ चावली. “अगं बया! ध्यानातच न्हाई आलं.”

पुढच्या आठवड्यात आप्पा फाट्यावर हात करून उभे होते आणि एसटी थांबली नाही. कंडक्टर त्यांच्या हाताखाली तयार झालेला ज्ञानू. खिडकीतून तो सरळ त्यांच्याकडे पाहत होता... त्यांच्या आरपार.

आप्पा हसत घरी आले. वहाणा उंबऱ्यापाशी काढल्या.

वहाणांच्या कडेला पांढरी रेघ होती. वनितानं बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

त्यानंतर भर दुपारी वास येऊ लागला. खजुराचा गोडसर, आणि त्याखाली मासळीच्या तेलाचा, कुबट. मग आवाज. ताणलेला दोर लाकडाला घासावा तसा... कर्र... थांबून पुन्हा कर्र... आणि फार लांबून, वाऱ्यावर विरलेली, कुणाची तरी हाक. शब्द कळत नसे. एवढंच कळे की कुणीतरी ओळीनं नावं पुकारतं आहे, आणि प्रत्येक नावानंतर थांबतं आहे.

एका दुपारी ओसरीवर बसलेल्या आप्पांनी त्या थांबण्यात, पेंगता पेंगता, हात वर केला.

“हजर,” ते म्हणाले.

वनिताला ती ओळ आठवली.

धावत जाऊन तिनं मूळ पानाचं छायाचित्र उघडलं. तेविसावी ओळ कोरी नव्हती. त्याच तिरप्या अक्षरांत, त्याच तपकिरी शाईत आप्पांचं नाव होतं. पुढे वय : सदुसष्ट.

वय तिनं भरलंच नव्हतं.

इंद्रजित सरांना तिनं दहा वेळा फोन लावला. “अहो मॅडम, मूळ कागदावर नाव आहे. मग चूक कसली?” ते म्हणाले. तिच्या रडण्याला कंटाळून शेवटी त्यांनी ती बंद झालेली ओळ बदलासाठी उघडून दिली. एकदाच.

तिनं आप्पांचं नाव पुसलं. कोरी ओळ कोष्टक घेईना. कुणाचं तरी नाव हवं.

जिवंत माणसाचं नाही. ज्याचं आता कुणी काहीच करू शकणार नाही, अशा कुणाचं तरी. तिला आजोबा आठवले. आप्पांचे वडील. जाऊन तीस वर्षं झाली होती.

चिमाजी... तिनं लिहिलं.

संध्याकाळी ताटं पाच मांडली गेली. वास गेला. दोर थांबला. वनिता कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

सोनियाचं पहिलं बाळंतपण माहेरी, मार्गासनीला झालं. माघात. मुलगा. बाराव्या दिवशी सगळे टेम्पोनं तिकडे गेले. बुद्धवंदना झाली. पाळणा सजला. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून वनिताला पुढे बोलावलं.

“नाव काय ठरलं, आप्पा?” तिनं हसत विचारलं.

आप्पांचे डोळे भरून आले होते. “माज्या बापाचं. घरातलं नाव घरात परत आलं पाहिजे, वने. चिमाजी.”

तेच नाव त्या तेविसाव्या ओळीत होतं.

ही रीत तिला माहीत नव्हती असं नाही. या मुलखात गेलेल्यांची नावं पाळण्यात परत येतात. तिनं नाव निवडताना फक्त मागे पाहिलं होतं. घरात कुणी यायचं आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती वाकली. बाळाच्या कानात तिनं दुसरंच नाव सांगितलं... सार्थक. पण आप्पांनी मोठ्यानं पुकारलं आणि बायकांनी ‘चिमाजी, चिमाजी’ म्हणत पाळणा हलवला.

पाळण्याची दोरी कडीला घासली... कर्र.

तीन महिने काही झालं नाही. वैशाखात सोनिया बाळाला घेऊन उत्रोलीला आली. एका सकाळी गावातल्या आशा सेविका बाळाबाई लसीकरणाची यादी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“लहान मूल हाय का घरात? यादीत तुमचं घर दिसंना. पर दोरीवर दुपटी वाळत्यात म्हनून इचारलं.”

सोनिया भाजी निवडत होती. तिनं मान वर करून दोरीवरच्या दुपट्यांकडे पाहिलं. शांतपणे म्हणाली, “न्हाई ओ ताई. आमच्यात कुठलं ल्हान मूल?”

वनिता आत धावली.

बाळ पाळण्यात होतं. जागं. न रडता वर पाहत होतं. तिनं त्याला छातीशी धरलं, कपाळाचा मुका घेतला.

खारट.

खोलीत खजुराचा वास दाटला होता.

“वयनी!” ती किंचाळली. “हा कोण आहे?”

सोनियानं बाळाकडे पाहिलं. हातातली भाजी गळून पडली. दुसऱ्या क्षणी तिनं बाळ हिसकावून घेतलं आणि हंबरडा फोडला, “माज्या त्वांडातनं असं कसं आलं? कसं आलं, वन्सं?”

वनितानं संगणक लावला. ओळ कायमची बंद असायला हवी होती. ती उघडी होती... आपणहून. नावापुढे वय आलं होतं. तीन महिने.

कडेवरचं मूल धरून.

बाहेर ऊन तापत होतं. लांबून हाक येत होती, नावामागून नाव, सावकाश, घाई कसलीच नसलेली. बावीस नावं. मग ती हाक थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

नाव तर हवंच होतं. जिवंताचं झालं. मेलेल्याचं झालं.

हकीकत सांगताना ती इथं म्हणाली, “माझं नाव लिहायला दोन सेकंद लागले.”

आठ दिवसांनी बाळाबाई पुन्हा आल्या. या वेळी यादीत घर होतं. आप्पा ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसले होते.

“घरात मानसं किती, सायेबराव?”

आप्पांनी बोटांवर मोजलं. आयुष्यात ज्यांचा आकडा कधी चुकला नाही, ते आप्पा.

“म्या, आमची अंजना, पोरगा, सून. आन ह्यो.” त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला. “कडंवरचं धरून पाच.”

“मुलगी नव्हती का हो तुमाला एक?”

आप्पा हसले. “न्हाई बा. एकच पोरगा.”

वनिता त्यांच्यामागे, उंबऱ्यात उभी होती.

हे तिनंच सांगितलं, फोनवर. आवाजामागे दोर घासत होता. “रागावले नाही मी,” ती म्हणाली. “गणती जुळली. बाळाला सगळे ओळखतात. फक्त माझं नाव आणखी एखाद्या कागदावर असू दे. त्या यादीखेरीज. बदलू नका.”

तो फोन आता लागत नाही. उत्रोलीत चौकशी केली. रणपिसेंच्या घरी माणसं पाच आहेत, असंच सगळे सांगतात. संगणकाची खोली रिकामी आहे. उंबऱ्यावर दोन पावलांची पांढरी रेघ उमटते, आई रोज पुसते, आणि ती कुणाची हे तिला सांगता येत नाही.

म्हणून नाव बदललेलं नाही.

वनिता साहेबराव रणपिसे. वय चौतीस. उत्रोली.

वाचताना एकदा मोठ्यानं उच्चारा. एवढंच तिनं मागितलं होतं... आणि लिहून घेतलेला कागद हाती नसला की ते नाव हल्ली मलाही चटकन आठवत नाही.