कासार बोळातल्या दाराचं माप

परळीच्या कासार बोळात कुणाला खिडकीचा रंग बदलायचा असला तरी आधी माझी पाहणी लागते. जुन्या वस्तीच्या जतन समितीचा मी एकुलता एक पाहणी करणारा. जोत्याला सिमेंट नको, सागवानी दाराऐवजी शटर नको, असं सांगत दिवसभर फिरायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या. वर औष्णिक केंद्राची राख. फाइल उघडली की आधी फुंकर मारायची, मग वाचायचं.

फेब्रुवारीत सुनिताबाईचा अर्ज आला. नवरा सुग्रीव राखेच्या टिप्परवरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. त्याला चाकाची खुर्ची मिळाली, पण ती दारातून जाईना. दार सहा इंचांनी रुंद करून हवं होतं. माणसाला दवाखान्यात न्यायचं, घडीभर उन्हात बसवायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

घर म्हणजे एकच खोली, नऊ फूट खोल. मी दाराचं माप घेतलं. दोन फूट दोन इंच. फाइलीत मागच्या वर्षीचं माप होतं, माझ्याच अक्षरात: तीन फूट दोन.

"बाई, चौकट बदललीत का?"

"आमी कावून बदलू, साहेब? बदलायचीच असती तर मोठी केली नसती का? ह्यांना घरी आनलं तवा चौघांनी धरलेली बाज सरळ आत गेलती."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच राग आला. जागेवरचं माप फाइलशी जुळलं नाही तर अर्ज परत, हा समितीचा नियम. मी शेरा मारला, 'मापात तफावत', आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी सोबत गहिनीनाथ सुतार होता. बोळातल्या चौकटी तोच दुरुस्त करतो.

माप आलं एक फूट आठ.

दारावरच्या गणेशपट्टीवर गणपतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार कमळं कोरलेली होती. आता तीन-तीन दिसत होती. कापल्याची खूण नाही, जोड नाही, भिंतीला नवा चुना नाही. गहिनीनाथानं खिळ्यांवर नख घासून पाहिलं. मग चौकटीला कान लावला आणि झटकन मागे सरला.

"कुनी हात लावला न्हाई ह्याला. खिळे माझ्या आज्याच्या टायमाचे हायत."

"मग काय दार आपोआप लहान होतंय बे?"

त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि तो निघून गेला. नंतर त्यानं माझा फोनही उचलला नाही.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, तुमचा टेप तपासून घ्या. मी स्वतःच्या खिशातून नवा टेप आणला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण समितीचं काम त्याहून वाईट. पुन्हा तोच शेरा, पुन्हा पंधरा दिवस. खरं सांगतो, शेरा मारताना मला त्या बाईचा संताप आला होता आणि त्या दाराचाही. तिच्या नवऱ्याचा विचार मनात आलाच नाही.

तिसऱ्या खेपेला भर दुपारी गेलो. बोळातली सगळी दारं लावलेली. सुनिताबाई बाहेर पायरीवर बसली होती. केसांवर, खांद्यांवर राख साचलेली.

"परवा पान्याला गेलते," ती म्हणाली. "आले तर आत शिरता येईना."

दार वीतभर उरलं होतं. दोन्ही फळ्या, कडी, कोयंडा, सगळं जागच्या जागी. फक्त अरुंद.

"मग तोडा की! पहार आणा! समितीचं मी बघतो!"

"काल तोडायला गेलते, साहेब. चौकटीवर एक घाव घातला न् आत हे लई वरडले. जनू त्यांनाच लागला."

मी तिथंच पायरीवर बसलो. समिती गेली खड्ड्यात. अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला न विचारता.

"सुग्रीवराव," मी फटीशी तोंड नेलं. "परवानगी झाली. दार मोठं करू. आजच."

आतून गार हवा आली.

मग पावलं वाजली. लांबून, फार लांबून येणारी. आणि ती एका माणसाची नव्हती.

"राहू द्या, साहेब." आवाज सुग्रीवचाच होता, अगदी समाधानी. "आत लई जागा हाय. सुनिताला म्हनाव, उद्यापासून भाकरी जास्त टाक. आमी सात जन हाव."

सुनिताबाईनं ते ऐकलं. तिनं शेजारणीनं दिलेली, पदरातली एकुलती एक भाकरी मोडली आणि एकेक तुकडा फटीतून आत देऊ लागली.

प्रत्येक तुकडा घेणारा हात वेगळा होता.