चौथा कोपरा

त्याची पहिली आठवण तिला अजूनही नाकानेच येते. आधी जळक्या राळेचा वास तपासणीच्या खोलीत शिरला, मग तो.

"तुकडा तपासायचाय... नेहमीच्या ताई नाहीत?"

"त्यांची बदली झालीय. आता मी आहे ना – चालेल का?"

"न चालायला काय झालं!" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

नव्या लेझर मशीनवरचा ऑपरेटर तो. खिशातला रुमाल टेबलावर पसरून त्याने त्यावर कार्बन फायबरचा काळा चौकोनी तुकडा ठेवला. "जपून, गरम आहे." तिने तो चिमट्याने उचलून भिंगाखाली धरला. या तुकड्यातले काळे धागे महाचिवट, पण त्यांना धरून ठेवणारी राळ नाजूक. लेझरच्या आचेने धागा तुटतो न तुटतो तोच कडेची राळ जळून जाते आणि धागे उघडे पडतात.

"नापास."

"अहो, नीट बघा तरी!"

"बघितलं. चारही बाजूंनी करपलाय. एवढी कसली घाई होती?"

"एका दमात कापला..."

"मग करपणारच. आच भरभर फिरवा, थांबा, निवू द्या – मग पुन्हा. दहा फेऱ्या झाल्या तरी चालतील."

"म्हणजे मला दहादा यावं लागणार."

"या की! माझं काय जातंय?"

तो आला. रोज आला. खिडकीवर पाऊस वाजत असो की ऊन तापलेले असो, चारच्या सुमारास दारात पावले थबकायची आणि टेबलावर रुमाल पसरला जायचा. एवढा घडी घातलेला रुमाल पुरुषाच्या खिशात तिने पूर्वी पाहिला नव्हता. साडेतीनपासूनच तिचे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागले. घरी आई म्हणायची, "भाजीत मीठ दोनदा पडलंय. मन कुठे असतं गं तुझं?" ती काय सांगणार, कपाळ!

तिसऱ्या आठवड्यात कडा स्वच्छ येऊ लागल्या, पण कोपरा काही साधेना. वळताना लेझरचा वेग मंदावतो आणि कोपऱ्यावर आच साचते, हे ती जाणून होती. ती रोज 'नापास' लिहायची आणि तो रोज हसत परत जायचा. एवढे हसण्यासारखे काय आहे, हे तिला कळत नव्हते.

मग एका गुरुवारी मोठ्या साहेबांनी तिला बोलावले. शनिवारपर्यंत एकही तुकडा पास झाला नाही, तर मशीन दूरच्या कारखान्यात जाणार होते, आणि त्याच्यासोबत ऑपरेटरही. खोलीत येऊन तिने नापास झालेले जुने तुकडे ड्रॉवरमधून काढले आणि एकेक भिंगाखाली धरला. तीन कोपरे लख्ख, चौथा करपलेला. कालचा तसाच, परवाचाही तसाच. चारही कोपऱ्यांना मशीन एकच हुकूम देते. तिघांनी ऐकला आणि चौथ्याने नाही?

कालचा तुकडा घेऊन ती तडक मशीनच्या खोलीत गेली.

"हा कोपरा मुद्दाम जाळलात ना?"

तो बुटांकडे बघत राहिला. "...हो."

"का?"

"तुकडा पास झाला असता, तर रोज तुमच्याकडे कोणत्या तोंडानं आलो असतो?"

तिला राग आला, हसू आले, रडूही आले. "अहो शहाणे! तुकडा पास झाला नाही तर शनिवारी हे मशीन जाणार आहे – आणि तुम्हीही!"

त्याचा चेहरा पडला. "मला कुणी सांगितलंच नाही... मग हाच तुकडा पास लिहा ना."

"खोटं? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. नवा कापा. मी इथेच उभी आहे."

काळ्या काचेमागे दोघे उभे राहिले. एक फेरी झाली की अर्धे मिनिट थांबायचे. पहिल्या पाच वेळा दोघांनी फक्त घड्याळ पाहिले. सहाव्या वेळी तो हळूच म्हणाला, "हा पास झाला... तर उद्यापासून मी कशाला यायचं?"

"तुकडा न घेता या."

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांगा... मला भेटायला आलो म्हणून."

सातवी फेरी सुरू व्हायला जरा उशीरच झाला. नंतर भिंगाखाली तिने चारही कोपरे दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा डोळ्यांपुढे सगळे धूसर होते. मग तिने 'पास' लिहिले. ते अक्षर काही सरळ आले नाही.

आज त्याच तपासणीच्या खोलीतला तिचा शेवटचा दिवस. ड्रॉवर रिकामा करताना तळाशी तो करपलेला तुकडा सापडला. एवढ्या वर्षांत हजारो स्वच्छ कडा पाहिल्या, पण जीव जडला तो याच कोपऱ्यावर.

दारात पावले थबकली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला तिचा नवरा रोजच्यासारखा तिला न्यायला आला होता. केस पिकलेले, रुमालाची घडी तीच. तिने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने चौथ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"आता तरी पास करून टाक गं."

"खोटं लिहू?"

तो हसला. मग रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाला, "उद्यापासून मी कुठे यायचं?"

तिने त्याच्या खिशातून रुमाल काढला, तुकडा त्यात नीट गुंडाळला आणि दिवा मालवला.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "उद्या चार वाजता मी घरीच असेन."