बोगदेवाडीचा ताजा दगड

बोगदेवाडीत घर बांधायचं तर चंद्राच्या धुळीत पृथ्वीवरून आणलेली गावाकडची चिमूटभर माती मिसळायची, मगच ती भट्टीत वितळवून विटा पाडायच्या, असा रिवाजच पडला होता. अब्जावधी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून गेला आणि मागे पोकळ बोगदा उरला. त्यात ही वस्ती होती. चंद्र आतून केव्हाच थंड झालाय, या भरवशावर माणसं तिथे निर्धास्त झोपत.

वस्तीप्रमुख विनता सरनाईक मात्र कुणावर चटकन विश्वास ठेवत नसे. भूशास्त्रज्ञ आदिनाथ हुपरीकरनं टेबलावर काळा दगड ठेवला, तेव्हा तिनं आधी त्याचा चेहरा निरखला.

"बाई, वस्ती हलवा. हा लाव्हा आत्ताआत्ता थिजलाय."

"हे दगडावरून कळतं?"

"खडकातल्या पोटॅशियमचा सावकाश आर्गॉन वायू होतो आणि आत साठतो. खडक वितळला की वायू निसटतो, घड्याळ पुन्हा शून्यावर. यात आर्गॉन जवळजवळ नाहीच. आपल्या पायाखाली किरणोत्सारी द्रव्यांचा साठा आहे. तो चंद्राचं पोट अजून तापवतोय."

"सापडला कुठे?"

"बोगद्याच्या टोकाला, भेगेत."

विनता हसलीच. भट्टीतला टाकाऊ रस लोक त्याच भेगेत ओतत!

"मग हा आमच्याच भट्टीतला. त्याचंही घड्याळ शून्यावरच असणार की!"

"मी खूप खालून काढलाय हो..."

तो अडखळला आणि तिचा संशय पक्का झाला. चंद्राच्या ध्रुवावरच्या दुसऱ्या वस्तीचा, ध्रुवनगरवाल्यांचा, या बोगद्यावर कधीचा डोळा होता. हा माणूस त्यांना फितूर आहे, असं तिनं भर सभेत सांगून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हुपरीकरची पुढच्याच गाडीनं हकालपट्टी झाली.

पण संशयी स्वभाव स्वतःलाही सोडत नाही. आपण तरी कुठे तपासलं, हे तिच्या मनातून जाईना. शेवटी ती स्वतः भेगेत उतरली, खालचा तुकडा फोडून आणला. गावाकडच्या मातीत गंजलेलं लोखंड असतं. चंद्राच्या खडकात ते नसल्यातच जमा. भट्टीतला दगड असता, तर त्यात गंजाचा अंश सापडायलाच हवा होता.

सापडला नाही. तिनं पुन्हा तपासलं, तरी नाहीच. एका भल्या माणसाला आपण बदनाम केलं याची तिला लाज वाटली. पण भीती त्याहून मोठी होती.

ती तडक लेकीकडे गेली. ऋजुताला सातवा महिना होता.

"सामान बांध. जमीन खालून तापतेय. हुपरीकर खरं बोलत होता."

"आई, परवा तूच म्हणालीस ना, तो खोटारडा आहे?"

"चुकले गं मी! मी स्वतः तपासलंय. चल लवकर!"

ऋजुता जागची हलली नाही. पोटावर हात ठेवून ती दोन पावलं मागे सरकली आणि आईचा चेहरा निरखू लागली.

"आई, खरं सांग. तुला ध्रुवनगरवाल्यांनी कधी गाठलं?"